मळ्यातली ताजी मेथी आणि डाळीचे फुनके : खान्देशात नव्याने आलेल्यांसाठी

हिवाळ्यात जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या घरी जेवणाचा योग आला, तर ताटात गरम कढीशेजारी मुठीच्या आकाराचे, हिरव्या पानांनी भरलेले पिवळसर गोळे वाढले जाण्याची बरीच शक्यता असते. हेच फुनके. भिजवलेली तुरीची डाळ भरड वाटून, तिच्यात शेतातली ताजी पालेभाजी, लसूण आणि हिरवी मिरची घालून, ते हाताने वळतात आणि वाफवतात. त्यांना तळायचे नसते, त्यांत पीठ पडत नाही आणि मिश्रण आंबवण्याचीही गरज नसते. शेजारच्या गुजरातेतल्या मुठियांशी त्यांची तुलना अनेक जण करतात. परंतु मुठिया पिठाच्या असतात आणि फुनके भिजवलेल्या डाळीचे, त्यामुळे दोहोंची कृती वेगळी आहे आणि बिघडण्याची कारणेही वेगळी आहेत.

मी मूळचा कोकणातला. नोकरीच्या निमित्ताने चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहायला आलो आणि शेजारच्या घरी पहिल्यांदा फुनके खाल्ले. उकडीचे मोदक वळता येत असल्यामुळे हेही सहज जमेल, असे मला वाटले होते. पहिल्या वेळी मिक्सर फिरेना म्हणून मी डाळीत वाटीभर पाणी घातले आणि चाळणीत गोळ्यांऐवजी पसरलेला लगदा हाती आला. दुसऱ्या वेळी त्या भीतीने मिश्रण कोरडे ठेवले व गोळे घट्ट दाबले, तर ते इतके टणक झाले की कढीत भिजवूनही आतपर्यंत ओलावा पोहोचला नाही. तिसऱ्या वेळी मी शेजारच्या आजींजवळ पाटावर बसून सगळी कृती पाहिली. पाण्याच्या तांब्याकडे माझा हात जाताच त्या म्हणाल्या, "डायमा पानी नको टाकू, भाऊ." डाळीत पाणी घालू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. पुढे पाला धुण्यापासून झाकण उघडण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्यांनी मला जे सांगितले, ते बहुतेक सगळे पाण्याविषयीच होते. डाळीने भिजताना घेतलेले पाणी आणि पाल्यात मुळातच असलेले पाणी, एवढ्यावरच फुनका बांधला जातो आणि तेवढ्यावरच तो शिजतो. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीभोवती आहेत, हे लक्षात ठेवून वाचल्यास त्या पाठ करण्याची गरज पडणार नाही.

लागणारे साहित्य आणि भांडी

चार माणसांच्या जेवणासाठी, म्हणजे साधारण अठरा ते वीस फुनक्यांसाठी, पुढील प्रमाण मी वापरतो.

- तुरीची डाळ २०० ग्रॅम आणि हरभऱ्याची डाळ ५० ग्रॅम
- निवडलेली मेथी १५० ग्रॅम (यासाठी मुळांसकट मोठी जुडी लागते)
- कांद्याची पात १०० ग्रॅम, पांढऱ्या भागासह
- मूठभर कोथिंबीर
- लसणाच्या १२ ते १५ पाकळ्या
- हिरव्या मिरच्या ६ ते ८, तिखटपणा पाहून
- जिरे १ लहान चमचा, ओवा अर्धा चमचा, हळद अर्धा चमचा
- मीठ सुमारे दीड लहान चमचा
- शेंगदाण्याचे तेल २ मोठे चमचे, शिवाय वाढताना वरून घेण्यासाठी वेगळे
- कढीसाठी आंबट ताक अर्धा लिटर आणि बेसन २ मोठे चमचे

भांड्यांमध्ये मोदकपात्र किंवा इडलीपात्र असल्यास उत्तम. नसल्यास खोल पातेले, त्यावर घट्ट बसणारी भोकांची चाळण आणि वरून झाकण, एवढ्यावर काम होते. दोन स्वच्छ सुती फडकी मात्र हवीतच. एक पाला वाळवण्यासाठी आणि दुसरे झाकणाला बांधण्यासाठी. डाळ पाट्यावर वाटता आली तर फारच चांगले. मिक्सरवरही जमते, पण त्यासाठी थोडा संयम लागतो.

केवळ तुरीच्या डाळीचे फुनके करणारी घरे पुष्कळ आहेत आणि आजीही तसेच करतात. हरभऱ्याची थोडी डाळ मी मिळून येण्यासाठी घालतो, कारण नवशिक्या हाताला तिचा आधार होतो. मुगाची डाळही काही जण मिसळतात. ती लवकर मऊ होते, म्हणून तिचे प्रमाण मूठभराच्या पुढे नेऊ नये.

१. पालेभाजी कोणती आणि केव्हा घ्यावी

फुनके हिवाळ्यातच का आठवतात, याचे उत्तर वावरात आहे. तूर जून-जुलैत पेरली जाते आणि डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास घरात येते. त्याच दिवसांत विहिरीच्या पाण्यावरच्या वाफ्यांत मेथी आणि कांद्याची पात कोवळी असते. नवी डाळ आणि नवा पाला अशा रीतीने एकाच वेळी हाताशी येतात, आणि त्या दिवसांत केलेल्या फुनक्यांची चव वर्षाच्या इतर कोणत्याही वेळी येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मेथी पेरणीनंतर साधारण २५ ते ३० दिवसांची असावी. तिला फुले दिसू लागली, की पाने कडू होतात आणि काड्यांना धागे येतात. असा पाला भाजीत शिजून जातो, परंतु फुनक्यात तो चघळावा लागतो. कांद्याची पात पोकळ, सरळ आणि गडद हिरवी घ्यावी. शेंडे पिवळे पडले असतील, तर तेवढे खुडून टाकावेत.

मेथीशिवाय इतरही भाज्या चालतात, मात्र प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. पालक फार पाणी सोडतो, म्हणून तो एकटा कधीही वापरू नये. वापरलाच, तर मेथीच्या एक तृतीयांश घ्यावा. शेपू थोडासा पुरतो, अधिक झाल्यास त्याचाच वास सगळीकडे राहतो. हरभऱ्याचे कोवळे शेंडे मला विशेष आवडतात. फांद्या जास्त फुटाव्यात म्हणून शेतकरी हरभऱ्याचे शेंडे तसेही खुडतात, त्यामुळे हा पाला पिकाचे नुकसान न करता मिळतो. या शेंड्यांवर नैसर्गिक आंब असते. ती चवीला छान लागते, परंतु आंबटपणामुळे डाळ मऊ होण्यास वेळ लागतो, म्हणून असे फुनके पाच-सात मिनिटे अधिक वाफवावे लागतात. अंबाडी आणि आंबट चुका यांनाही हाच नियम लागू आहे. पावसाळ्यात तांदुळजा मिळतो. तो मऊ आणि गोडसर असतो, पण त्याच्या जाड काड्या काढूनच घ्याव्यात.

रानात आपोआप उगवलेल्या भाज्यांबाबत एक धोका नीट समजून घ्यावा. खान्देश हा कपाशीचा मुलूख आहे आणि कपाशीच्या ओळींमध्ये तांदुळजा, घोळ यांसारख्या भाज्या भरपूर उगवतात. त्या दिसायला टवटवीत असतात, परंतु कपाशीवर फवारलेले कीटकनाशक त्यांच्यावरही पडलेले असते आणि ते धुऊन पूर्ण जाईलच असे नाही. खाण्याच्या पिकावर फवारणी केली असल्यास काढणीपूर्वी किती दिवस थांबावे, हे औषधासोबतच्या पत्रकात दिलेले असते. कपाशीतल्या तणांसाठी असा कोणताही हिशेब कोणी मांडलेला नसतो. म्हणून कपाशीतला पाला आणूच नये. दुसऱ्याच्या वाफ्यातली मेथी घेतानाही, फवारणी केव्हा झाली, हे मालकाला स्पष्ट विचारावे. असे विचारल्याचा राग कोणी धरत नाही. नीट ओळखता न येणारी रानभाजी तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय घरात आणू नये.

२. वावरातून पाला आणताना

पाला सकाळी काढावा, परंतु दव सुकल्यावर. सकाळी पान भरलेले आणि ताठ असते. दुपारच्या उन्हात ते मान टाकते. दवाने ओली मेथी तशीच जुडी बांधून पिशवीत कोंबली, तर दोन-तीन तासांत आतली पाने गरम होऊन काळी पडू लागतात. कापडी पिशवी किंवा टोपली वापरावी आणि जुडी सैल बांधावी.

मेथी मुळांसकट उपटली, तर वाफ्यातच मुळे झटकून घ्यावीत. येथली काळी जमीन ओली असताना मुळांना चिकटून बसते आणि घरी आणल्यावर तीच माती पानांना लागते. मला शक्य असेल तेव्हा मी मुळे वाफ्यातच विळ्याने कापून टाकतो आणि फक्त वरचा पाला आणतो. निवडण्याचा वेळ निम्म्याने वाचतो.

बाजारातून पाला घेत असाल, तर विक्रेते ताजेपणा टिकवण्यासाठी जुड्यांवर पाणी मारतात, हे लक्षात घेऊन घरी येताच जुडी सोडून पसरावी.

३. निवडणे, धुणे आणि वाळवणे

माझ्या पाहण्यात नवख्या माणसांचे फुनके सर्वांत जास्त येथे बिघडतात, म्हणून हा टप्पा सविस्तर सांगतो.

मेथीची पाने आणि कोवळे देठ घ्यावेत, जाड काड्या गुरांना द्याव्यात. निवडलेला पाला मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हलवावा आणि दोन मिनिटे स्थिर राहू द्यावा. माती व वाळू तळाशी बसते. त्यानंतर पाला वरच्या वर हातांनी उचलून दुसऱ्या भांड्यात घ्यावा आणि मग खालचे पाणी फेकावे. अनेक जण पातेले चाळणीत ओततात. त्यामुळे तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर पडते आणि खाताना दाताखाली कचकच येते. तळाशी काहीही दिसेनासे होईपर्यंत पाणी बदलावे. बहुधा तीन पाण्यांत काम होते.

पाला धुऊनच चिरावा. आधी चिरून मग धुतल्यास कापलेल्या कडांमधून स्वादही जातो आणि चिरलेले तुकडे पाणी धरून ठेवतात, जे नंतर कितीही निथळले तरी पूर्ण जात नाही. धुतलेला पाला फडक्यावर एकेरी पसरून पंख्याखाली तासभर ठेवावा. हाताला ओल लागता कामा नये. पान मात्र सुकून मलूल होऊ देऊ नये, कारण त्याच्या आतला रस आपल्याला हवा आहे. काढायचे आहे ते फक्त वर लागलेले पाणी. घाई असेल तर पाला फडक्यात सैल गुंडाळून हलक्या हाताने टिपावा. पिळू नये. मेथी कडू लागेल या भीतीने तिला मीठ लावून पिळून घेण्याची सवय काही ठिकाणी आहे. फुनक्यांसाठी तसे मुळीच करू नये, कारण डाळ शिजताना तिला जो ओलावा लागतो, तो या पानांतूनच मिळणार असतो. तुरीची डाळ आणि लसूण यांच्या सोबतीत मेथीचा कडूपणा आपोआप मागे पडतो.

वाळलेला पाला बारीक चिरावा, परंतु त्याचा चुरा करू नये. मेथीचे पान तीन-चार तुकड्यांत यावे. कांद्याची पात मात्र अगदी बारीक, कारण तिची मोठी नळी मिश्रणात राहिली, तर वाफवताना फुनका तिथेच फाटतो.

४. डाळ निवडणे आणि भिजवणे

डाळ शक्यतो त्याच हंगामातली घ्यावी. जळगाव हे डाळ गिरण्यांचे मोठे केंद्र आहे आणि नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे या भागात चांगली डाळ शोधावी लागत नाही. घरोट्यावर भरडलेली घरची डाळ मिळाली, तर ती अवश्य घ्यावी. साठवणुकीसाठी डाळीला तेल चोळलेले असेल, तर ती कोमट पाण्यात तीन-चार वेळा चोळून धुवावी, नाहीतर तेलाच्या थरामुळे डाळ सारखी भिजत नाही.

हिवाळ्यात डाळ चार ते पाच तास भिजवावी आणि उन्हाळ्यात तीन तास पुरतात. भिजली की नाही, हे पाहण्यासाठी एक दाणा नखाने तोडावा. आत पांढरा कोरडा ठिपका दिसला, तर आणखी थांबावे. रात्रभर भिजवून ठेवण्याचा मोह टाळावा. खान्देशातल्या उन्हाळ्यात तर अशा डाळीला सकाळपर्यंत फेस येतो आणि आंबूस वास लागतो.

पाणी कोणते वापरतो, यालाही महत्त्व आहे. गावातले बोअरचे पाणी जड असेल, म्हणजे भांड्यांवर पांढरा थर धरत असेल, तर त्यातल्या क्षारांमुळे डाळ नीट मऊ होत नाही. अशा वेळी पिण्याचे गाळलेले पाणी भिजवण्यासाठी घ्यावे. माझे दुसऱ्या वेळचे फुनके टणक होण्यामागे दाबण्याबरोबर हेही कारण होते, हे मला पुष्कळ नंतर कळले.

भिजलेली डाळ चाळणीत काढून निदान वीस मिनिटे निथळू द्यावी. चाळणीखाली थेंब पडणे पूर्ण थांबल्याशिवाय वाटायला घेऊ नये.

५. भरड वाटणे

प्रथम मिरची, लसूण आणि जिरे एकत्र जाडसर ठेचून घ्यावेत. नंतर डाळ मिक्सरच्या लहान भांड्यात मूठ-दीड मूठ अशी थोडी थोडी घालून, क्षणभर फिरवून थांबत थांबत वाटावी. मधूनमधून चमच्याने खालची डाळ वर आणावी. भांडे भरले, की पाते अडते आणि माणसाचा हात पाण्याकडे जातो; म्हणून कमी घालणे हाच खरा उपाय आहे. सलग फिरवल्यास डाळ गरम होऊन पीठासारखी चिकट होते, तेही टाळावे.

वाटण कसे असावे, हे शब्दांत सांगायचे, तर जाड रव्यासारखे, आणि त्यात अधूनमधून अर्धा-पाव दाणा तसाच राहिलेला. गुळगुळीत वाटणाचे फुनके दडस आणि घशाला चिकटणारे होतात, कारण वाफेला आत शिरायला जागाच राहत नाही. मी वाटताना मूठभर भिजलेली डाळ बाजूला ठेवतो आणि शेवटच्या घाण्यात ती जेमतेम मोडून घेतो.

वाटण मुठीत घेऊन दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर गोळा बोटांच्या खुणांसह तसाच राहिला, तर वाटण योग्य आहे. बोटांच्या फटींतून पाणी आले, तर डाळ नीट निथळलेली नाही. गोळा लगेच भुगा होऊन पडला, तर वाटणाचा एक चतुर्थांश भाग काढून तेवढाच थोडा अधिक बारीक करावा आणि पुन्हा मिसळावा.

६. मिश्रण करणे

परातीत वाटण, ठेचा, हळद, हातावर चोळलेला ओवा आणि तेल एकत्र करावे. त्यानंतर चिरलेला पाला घालून बोटांच्या टोकांनी, भाकरीच्या पिठासारखे न मळता, वरखाली करत मिसळावे. वजनाने दोन भाग भिजलेल्या डाळीला एक भाग पाला हे प्रमाण बरे पडते. परातीत पाहताना मात्र पाल्याचा ढीग डाळीइतकाच, कधी जास्तही, दिसतो आणि त्याने घाबरून जाऊ नये.

मीठ शेवटी घालावे. शेवटी म्हणजे वाफेचे भांडे उकळू लागल्यावर आणि वळायला बसण्याच्या अगदी क्षणी. मीठ लागताच चिरलेला पाला पाणी सोडू लागतो, आणि मीठ घातलेले मिश्रण अर्धा तास तसेच राहिले, तर परातीच्या कडेला हिरवट पाणी साचते. तसे झाल्यास ते पाणी फेकू नये. मूठभर डाळ बाजूला राखली असेल, तर ती भरडून मिसळावी, नाहीतर एक-दोन चमचे बेसन घालावे. बेसन वाढवत नेण्याने मिश्रण सावरते खरे, परंतु मग ते फुनके न राहता वड्या होतात.

७. वळणे

तळहाताला तेलाचा हात लावून लिंबाहून थोडे मोठे मिश्रण घ्यावे आणि मूठ एकदाच मिटून उघडावी. फुनक्याला गोल गुळगुळीत रूप द्यायचे नसते; तो लांबट असतो आणि त्यावर चारही बोटांचे ठसे उमटलेले असतात. त्या खाचांमध्ये पुढे कढी साचते. जाडी मधोमध दोन-अडीच सेंटिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये, नाहीतर बाहेरचा भाग शिजून आतला कच्चा राहतो. मिश्रण हाताला एकत्र राहील इतपतच दाबावे.

८. वाफवणे

पातेल्यातले पाणी आधी खळखळ उकळलेले असावे. गार पाण्यावर फुनके ठेवले, तर वाफ धरेपर्यंतच्या वेळात पाला पाणी सोडतो आणि गोळे बसतात. पाण्याची पातळी चाळणीच्या तळापासून निदान चार बोटे खाली हवी, म्हणजे उकळताना उडालेले पाणी फुनक्यांना लागत नाही.

चाळणीला तेल लावून फुनके एकेरी थरात, मध्ये बोटभर अंतर ठेवून मांडावेत. एकावर एक रचल्यास खालचे चेपतात. झाकणाला फडके आतून घट्ट बांधावे आणि त्याची टोके वर गाठवावीत. झाकणावर जमणारे थेंब फडक्यात मुरतात आणि फुनक्यांवर पडत नाहीत. उकडीच्या मोदकांना मी कधी असे फडके बांधले नव्हते, पण भरड डाळीवर एकेक थेंब पडला, की तिथे खड्डा पडून ती विरघळू लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मोठ्या आचेवर पंधरा ते अठरा मिनिटे वाफवावे. पहिली दहा मिनिटे झाकण उघडू नये. प्रेशर कुकर वापरायचा असल्यास शिट्टी काढून ठेवावी. शिजलेल्या फुनक्याचा रंग फिकट होतो, पाला गडद दिसू लागतो आणि कच्च्या डाळीचा वास जाऊन लसणाचा वास येतो. सुरी खुपसली असता कोरडी बाहेर यावी. तरीही पहिल्या घाण्यातला एक फुनका मोडून पाहणे उत्तम. आतला भाग चिकट आणि चकचकीत दिसला, तर आणखी चार-पाच मिनिटे द्यावीत. आच बंद केल्यावर झाकण काढून पाच मिनिटे तसेच ठेवावे, कारण गरम असताना उचललेला फुनका हातात मोडतो.

९. सोबतची कढी

फुनके वाफेवर असतानाच कढी करावी. ताकात बेसन गुठळी न राहता घोटून, त्यात पेलाभर पाणी मिसळावे. तेलात मोहरी, जिरे, कढीपत्ता, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची यांची फोडणी करून हळद घालावी, आच कमी करून ताक ओतावे आणि पहिली उकळी येईपर्यंत सतत ढवळत राहावे. ढवळणे थांबले, की कढी फुटते. उकळी आल्यावर मंद आचेवर पाच मिनिटे ठेवून मीठ घालावे. मी ज्या घरांत जेवलो आहे, तिथे या कढीत साखर किंवा गूळ घालत नाहीत. ताक आंबट आणि लसूण ठसठशीत असावा लागतो. कढी पातळच ठेवावी, कारण फुनका ती भरपूर शोषतो आणि दाट कढी ताटात लगेच गोळा होते.

१०. वाढणे आणि उरलेल्याचे काय करावे

ताटात दोन-तीन फुनके हाताने मोडून घ्यावेत, त्यावर चमचाभर कच्चे शेंगदाणा तेल सोडावे आणि मग गरम कढी ओतावी. तेल आधी आणि कढी नंतर, हा क्रम पाळावा. सोबत ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि मिरचीचा ठेचा असला, की वेगळी भाजी लागत नाही. अख्खा फुनका कढीत बुडवून ठेवू नये. तो मोडल्याशिवाय कढी आत जात नाही.

उरलेले फुनके उन्हाळ्यात बाहेर ठेवू नयेत. फ्रीजमध्ये झाकून ठेवल्यास दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगले राहतात. सकाळी ते हाताने कुस्करून, मोहरी, लसूण आणि थोड्या तिखटाच्या फोडणीत परतले, की न्याहारीला पुरतात. परतताना कोरडे वाटल्यास पाण्याऐवजी उरलेल्या कढीचे दोन चमचे शिंपडावेत.

मेथी शेजाऱ्यांच्या वावरातून आलेली असेल, तर त्यांच्याकडे पहिल्या घाण्यातलेच फुनके पाठवावेत आणि कढी वेगळ्या डब्यात द्यावी. एकत्र घालून दिलेले फुनके पोहोचेपर्यंत सगळी कढी पिऊन टाकतात.